विश्लेषण : तेलक्षेत्रातील पुरवठा नौका मोबाइलवर दिसते, पण नेमके काय दिसते?

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात पाइपपासून कांद्या-बटाट्यापर्यंत सगळे नेऊन देणाऱ्या पुरवठा नौका आता कोणालाही मोबाइलच्या नकाशावर पाहता येतात. ठिपक्यावर बोट टेकवले की नाव, वेग, दिशा, लांबी-रुंदी, कुठे निघाली, सगळे समोर येते. ज्यांच्या घरातील माणूस अशा नौकेवर कामाला आहे, त्यांच्यासाठी हा ठिपका म्हणजे मोठा आधार. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात अशी घरे गावोगाव आहेत. मात्र त्या पडद्यावरची सगळी माहिती एकाच प्रकारची नसते. काही आकडे यंत्राने मोजलेले असतात, काही नौकेवरच्या अधिकाऱ्याने हाताने भरलेले असतात, तर काही संकेतस्थळाने दुसऱ्याच नोंदवहीतून आणून जोडलेले असतात. हा फरक माहीत नसेल तर शांत ठिपका म्हणजे सुरक्षित माणूस, असा समज होतो. तो दरवेळी खरा नसतो.

पुरवठा नौका करतात काय?

मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये लागला आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथे पाण्याची खोली साधारण ७५ मीटर. समुद्रतळावर रोवलेले पोलादी फलाट, तेथे येऊन-जाऊन विहिरी खोदणाऱ्या रिग, नळवाहिन्या आणि या सगळ्यावर राहणारी माणसे असा तो पसारा आहे. माणसांची ने-आण प्रामुख्याने हेलिकॉप्टरने होते. बाकी सारे समुद्रमार्गे जाते. ओएनजीसीचा न्हावा येथील पुरवठा तळ हे त्याचे मुख्य ठिकाण. नौका तेथून भरून निघते आणि १० ते १२ नॉट, म्हणजे ताशी १८ ते २२ किलोमीटर वेगाने गेली तर आठ-नऊ तासांत तेलक्षेत्रात पोहोचते.

पुरवठा नौका दुरूनही ओळखू येते. राहण्याची जागा आणि कप्तानाची केबिन पुढच्या टोकाला रेटलेली आणि मागे लांबच लांब, मोकळा, सपाट डेक. ट्रक पाण्यात सोडावा तसा आकार. खास या कामासाठी बांधलेली पहिली नौका १९५५ मध्ये मेक्सिकोच्या आखातात उतरली. तिचे नाव 'एब टाइड'. तेव्हाची ही मांडणी मोठ्या प्रमाणावर आजही टिकून आहे. डेकवर पाइप आणि कंटेनर जातात, पण खरा माल डेकखालच्या टाक्यांत असतो. डिझेल, पिण्याचे पाणी, खोदकामाचे पाणी, हवेच्या दाबाने नळीतून वर ढकलायची सिमेंटची भुकटी आणि 'मड'. मड म्हणजे विहीर खोदताना आत सोडायचा खास दाट द्रव. तो ड्रिलला थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि खालून येणारा दाब तोलून धरतो. तो वेळेवर पोहोचला नाही तर खोदकाम थांबते.

याच कुटुंबातील दुसरा प्रकार म्हणजे रिगचे नांगर उचलणाऱ्या, टाकणाऱ्या आणि रिग ओढून नेणाऱ्या नौका. त्यांच्या डेकवर अजस्र विंच असते. तिसरा प्रकार बहुउद्देशीय आधार नौकांचा : पाणबुडे, आग विझवण्याची साधने आणि दुरुस्तीची सामग्री घेऊन त्या क्षेत्रातच तळ ठोकून असतात. नकाशावर मात्र तिन्हींचे ठिपके बऱ्याचदा सारखेच दिसतात.

ठिपका येतो कुठून?

नौकेवर एआयएस, म्हणजे स्वयंचलित ओळख यंत्रणेचे उपकरण बसवलेले असते. ते जीपीएसवरून स्वतःची जागा घेते आणि साध्या व्हीएचएफ रेडिओवर ती सतत प्रक्षेपित करते. त्यासाठी १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ अशा दोन वाहिन्या राखून ठेवलेल्या आहेत. दोन जहाजे एकाच वेळी बोलू लागली तर गोंधळ होईल. म्हणून प्रत्येक वाहिनीवर एका मिनिटाचे २,२५० तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक जहाज पुढच्या खेपेला कोणता तुकडा घेणार हे आधीच जाहीर करते. कोणी मधला नियंत्रक नाही, तरी रांग मोडत नाही. मोबाइलच्या जमान्यातही कौतुक करावे अशी ही रचना आहे.

नांगरलेली किंवा धक्क्याला बांधलेली मोठी नौका दर तीन मिनिटांनी आपली जागा सांगते. १४ नॉटपर्यंतच्या वेगाने चालत असेल तर दर १० सेकंदांनी, त्याहून वेगात असेल तर आणखी लवकर. नाव, प्रकार, मापे, गंतव्य ही माहिती दर सहा मिनिटांनी जाते. ३०० टनेज किंवा त्याहून मोठ्या, आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांना आणि देशांतर्गत चालणाऱ्या ५०० टनेजपासूनच्या मालवाहू जहाजांना हे उपकरण आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार बंधनकारक आहे. मूळ हेतू एकच होता : अंधारात, धुक्यात जहाजांनी एकमेकांना ओळखावे आणि टक्कर टाळावी. घरबसल्या जहाज पाहणे हे त्याचे नंतरचे उपफळ. 'मरीनट्रॅफिक'सारखी संकेतस्थळे किनाऱ्यांवरील हौशी आणि व्यावसायिक रिसीव्हरनी टिपलेले संदेश एकत्र करतात आणि नकाशावर मांडतात.

मुंबई हायकडे जाताना ठिपका मध्येच का थांबतो?

व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईपलीकडे त्या पोहोचत नाहीत. जहाजावरून जहाजाला सुमारे २० सागरी मैल आणि किनाऱ्यावरच्या उंच अँटेनाला ४० किंवा थोडे अधिक मैल एवढी मजल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मुंबई हाय ८५ सागरी मैलांहून दूर आहे. त्यामुळे न्हाव्याहून निघालेली नौका काही तास छान दिसते आणि मग ठिपका जागच्या जागी गोठतो. शेजारी बारीक अक्षरांत 'शेवटचा संदेश इतक्या तासांपूर्वी' असे लिहिलेले असते, आणि नेमके तेच वाचले जात नाही.

त्यापुढे उपग्रहांवरचे रिसीव्हर लागतात. ही माहिती बहुतेक संकेतस्थळे पैसे घेऊन देतात. शिवाय उपग्रहाला वरून एकाच वेळी हजारो जहाजे ऐकू येतात. जवळपासची जहाजे आपापसांत रांग लावतात, पण पाचशे मैल दूरच्या जहाजाशी ती लावण्याचे त्यांना कारणच नसते. दोघांचे संदेश एकाच क्षणी वर पोहोचले की एकमेकांत मिसळतात आणि वाया जातात. गर्दीच्या समुद्रात म्हणूनच उपग्रहाचे चित्रही तुटक असते. थोडक्यात, ठिपका थांबला याचा अर्थ नौका थांबली असा नाही, आणि ठिपका जागेवर आहे याचा अर्थ नौका जागेवर आहे असाही नाही.

सरकारी यंत्रणांकडे याहून अधिक साधने आहेत. देशातील दीपगृहांवर एआयएस उपकरणांची साखळी आहे, तटरक्षक दलाची रडार साखळी आहे. याशिवाय दूर पल्ल्याची ओळख यंत्रणा आहे. त्यात आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरील जहाजे दर सहा तासांनी उपग्रहामार्फत आपली जागा कळवतात, आणि ती माहिती अधिकृत यंत्रणांपुरतीच मर्यादित असते. तेलक्षेत्रातील नौका आणि हेलिकॉप्टरांच्या हालचालींवर नजर ठेवण्यासाठी ओएनजीसीचीही स्वतंत्र यंत्रणा आहे. म्हणजे घरच्यांना दिसते ते चित्र सगळ्यात अपुरे.

पडद्यावरचा कोणता आकडा कोणाचा?

जागा, वेग आणि दिशा हे जीपीएसचे आकडे. उपकरण नीट असेल आणि कोणी उपग्रहाच्या संदेशात अडथळा आणत नसेल तर ते विश्वासार्ह. लांबी-रुंदी उपकरण बसवताना भरतात. गंमत म्हणजे ती थेट भरली जात नाही. अँटेनापासून नाळ, शेपूट, डावी आणि उजवी बाजू किती मीटरवर हे चार आकडे भरतात आणि त्यांच्या बेरजेतून लांबी-रुंदी निघते.

गंतव्य, पोहोचण्याची वेळ, नौका पाण्यात किती खोल बसली आहे तो ड्राफ्ट आणि 'स्थिती', म्हणजे चालू आहे, नांगरलेली आहे की कामात अडकल्याने वळायला मोकळी नाही, हे सारे नौकेवरचा अधिकारी हाताने भरतो. गंतव्याला जास्तीत जास्त २० अक्षरे. माणूस पहाटे चारच्या पाळीला असतो, एका हातात रेडिओ असतो. मागच्या फेरीचे बंदर तसेच राहून जाते. फलाटाला बिलगून तासन् तास माल चढवणारी नौका 'इंजिनवर चालू' अशीच दिसत राहते. माल उतरवल्यावर नौका मीटरभर वर उचलली जाते, पण पडद्यावरचा ड्राफ्ट कोणी बदलला तरच बदलतो.

'ऑफशोअर सप्लाय शिप' हे वर्णन तर एआयएसमधून येतच नाही. त्या यंत्रणेच्या संकेतांकांत टग आहे, प्रवासी जहाज आहे, मालवाहू, टँकर आणि 'इतर' आहे. पुरवठा नौकेसाठी वेगळा संकेतांक नाही. संकेतस्थळ आयएमओ क्रमांक पाहते आणि जहाजांच्या नोंदींतून प्रकार, बांधणीचे वर्ष, टनेज आणून जोडते.

हा आयएमओ क्रमांक ओळखीसाठी सर्वांत पक्का. जहाजाचे नाव, मालक, ध्वज सगळे बदलते, एआयएसचा नऊ आकडी रेडिओ क्रमांकही ध्वजासोबत बदलतो. भारतीय जहाजाचा तो ४१९ ने सुरू होतो. आयएमओचा सात आकडी क्रमांक मात्र बांधणीपासून भंगारापर्यंत तोच. तो खरा आहे की टंकलेखनाची चूक, हे कागद-पेन्सिल घेऊन तपासता येते. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचे आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा अंक क्रमांकाच्या सातव्या अंकाशी जुळला पाहिजे. उदाहरणार्थ ९३५१९८३. ६३, १८, २५, ४, २७ आणि १६ यांची बेरीज १५३. शेवटचा अंक ३, जुळला. हा क्रमांक 'बोर्बन डॉल्फिन' या नॉर्वेजियन नौकेचा आहे. तिची गोष्ट पुढे येते.

तपशिलाचा तक्ता कसा वाचायचा?

मध्यम आकाराच्या पुरवठा नौकेचे ओळखीचे उदाहरण म्हणजे 'यूटी ७५५' हा नॉर्वेत तयार झालेला आराखडा. सुमारे ७२ मीटर लांब, १६ मीटर रुंद, डेडवेट तीन हजार टनांच्या पुढे. यातले डेडवेट म्हणजे नौका एकूण किती वजन वाहू शकते : माल, इंधन, पाणी, माणसे, सामान सगळे धरून. 'ग्रॉस टनेज'मध्ये टन हा शब्द असला तरी ते वजन नव्हे. बंदिस्त जागेच्या आकारमानावरून सूत्राने काढलेला तो आकडा आहे. दोन्हींची गल्लत बातम्यांतही वारंवार होते.

डेकचे क्षेत्रफळ आणि प्रति चौरस मीटर किती टन वजन पेलेल, हे मालाच्या दृष्टीने महत्त्वाचे. 'फायफाय १' असे लिहिलेले दिसले तर ती नौका आग विझवण्यासाठी तासाला २,४०० घनमीटर पाणी १२० मीटर लांब फेकू शकते. 'फायफाय २' असेल तर तासाला किमान ७,२०० घनमीटर. तेलक्षेत्रात अग्निशमन दल म्हणजे याच नौका.

सगळ्यात जास्त गैरसमज असलेला शब्द 'डीपी', डायनॅमिक पोझिशनिंग. नांगर न टाकता, संगणकाच्या आज्ञेने वेगवेगळे पंखे फिरवत नौका एका जागी उभी ठेवण्याची ही व्यवस्था. फलाटाजवळ नांगर टाकता येत नाही, कारण तळाशी नळवाहिन्या असतात. डीपी-१ मध्ये एक बिघाड झाला तर जागा सुटू शकते. डीपी-२ मध्ये चालू यंत्रणेतील कोणताही एक बिघाड झाला तरी जागा सुटता कामा नये. डीपी-३ मध्ये एखाद्या कप्प्यात आग लागली किंवा पाणी भरले तरीही. तक्त्यात हा वर्ग कायमचा छापलेला असतो. आज, या घडीला ती व्यवस्था चालू आहे की बंद, हे तक्ता सांगत नाही.

१८० टनांचे १२५ टन कसे झाले?

नांगर उचलणाऱ्या नौकेचा मानाचा आकडा म्हणजे 'बोलार्ड पुल' : धक्क्याच्या खुंटाला दोर बांधून, पूर्ण ताकद लावून ती किती टनांनी ओढते. 'बोर्बन डॉल्फिन' ही २००६ मध्ये बांधलेली, ७५ मीटर लांबीची नवीकोरी नौका होती. तक्त्यात बोलार्ड पुल १८० टन. १२ एप्रिल २००७ रोजी शेटलंड बेटांच्या पश्चिमेला, हजार मीटरहून खोल पाण्यात, एका रिगचा नांगर हलवताना ती उलटली. पंधरा जण होते, आठ दगावले. त्यांत कप्तान आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा होता. शाळेच्या कार्यानुभवासाठी तो बाबांसोबत आला होता. तीन दिवसांनी नौका बुडाली.

नॉर्वे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने कोणा एकावर खापर फोडले नाही. अनेक दुबळ्या कड्या एकत्र आल्या होत्या. त्यातली एक तक्त्याशी संबंधित आहे. बाजूला ढकलणारे पंखे ज्या जनित्रांवर चालत, ती मुख्य इंजिनांच्याच शाफ्टवरून फिरत होती. वारा आणि प्रवाहाशी झगडताना हे पंखे पूर्ण क्षमतेने लावले की ओढण्यासाठी उरणारी ताकद १८० वरून सुमारे १२५ टनांवर येत होती. म्हणजे गरज सर्वाधिक त्या क्षणी आकडा सर्वांत कमी. साखळीचा ताण एका बाजूच्या खुंटावर आला, नौका कलली आणि सावरली नाही.

धक्क्यावर, शांत पाण्यात, बाकी सगळे बंद ठेवून मोजलेला आकडा खोटा नव्हता. तो अपुरा होता. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये गाडीच्या 'मायलेज'चे होते तेच, फक्त इथे किंमत माणसांनी मोजली.

मुंबई हायवर २००५ मध्ये काय झाले?

मुंबई २६ जुलै २००५ च्या पावसात बुडालेली असताना, दुसऱ्या दिवशी समुद्रात वेगळीच आपत्ती ओढवली. 'समुद्र सुरक्षा' या बहुउद्देशीय आधार नौकेवर स्वयंपाकघरातील एका कर्मचाऱ्याच्या बोटांना जखम झाली. पावसाळी हवेत हेलिकॉप्टर उडणे शक्य नव्हते. त्याला वैद्यकीय मदतीसाठी क्रेनच्या पाळण्यातून फलाटावर चढवायचे ठरले. नौकेच्या संगणकनियंत्रित पंख्यांत अडचण होती, म्हणून ती हाताने चालवत, शेपटीकडून फलाटाजवळ आणली गेली. वारा आणि लाटा तिला फलाटाकडेच ढकलत होत्या. पाळणा वर गेला, नौका मागे हटू लागली आणि एका लाटेसरशी फलाटाच्या वायुवाहिन्यांवर आदळली.

वायू पेटला. सुमारे दोन तासांत अख्खा फलाट कोसळला. फलाट, शेजारची रिग आणि नौका मिळून ३८४ जण होते, त्यांपैकी ३६२ वाचले, २२ दगावले किंवा बेपत्ता झाले. त्या दिवशी नौकेच्या तक्त्यात तिची सर्व साधने जशीच्या तशी नोंदलेली असणार. बिघडलेला पंखा कोणत्याच तक्त्यात नसतो.

आणि तौक्ते वादळात?

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून जाताना 'पी ३०५' या निवासी बार्जचे नांगर सुटले, ती एका निर्मनुष्य फलाटावर आदळली आणि बुडाली. तिच्यावर २६१ जण होते, १८६ वाचले. 'वरप्रदा' ही नांगर हाताळणारी टगही बुडाली. तिच्यावरील १३ पैकी दोघेच वाचले. नौदलाच्या 'आयएनएस कोची' आणि 'आयएनएस कोलकाता'सोबत तेलक्षेत्रातील आधार नौकाही उसळत्या समुद्रात माणसे वेचत होत्या. त्या रात्री अग्निशमन, टोइंग, डीपी हे तक्त्यातले शब्द न राहता जगण्या-मरण्याची साधने झाली.

नौकेवर नजर ठेवण्याच्या दृष्टीने यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. 'पी ३०५'ला स्वतःचे इंजिन नव्हते. ती नांगरांवर उभी राहायची आणि टगने ओढली जायची. जागतिक नियमांत इंजिन नसलेल्या जहाजांना एआयएसच्या सक्तीतून सूट देण्याची मुभा प्रत्येक देशाला आहे, आणि आयएमओ क्रमांकाच्या योजनेतूनही अशी जहाजे वगळलेली आहेत. हे नियम माती वाहणाऱ्या रिकाम्या तराफ्याला शोभतात. दोन-अडीचशे माणसे राहतात अशा तरंगत्या वसतिगृहाला नाही. बारा माणसांची पुरवठा नौका जगाला दिसते आणि अडीचशे माणसांची बार्ज दिसेल याची हमी नाही, ही उलटी व्यवस्था आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. वादळाचा इशारा मिळाल्यावर बार्ज फलाटापासून २०० मीटर दूर नेली होती, असे काम करणाऱ्या कंपनीने तेव्हा निवेदनात म्हटले होते. मोबाइलच्या पडद्यावर मुंबई आणि मुंबई हाय एकत्र दिसावे एवढा नकाशा घेतला तर २०० मीटर म्हणजे जेमतेम एक पिक्सेल. वादळापासून दूर निघून गेलेली नौका आणि जागा बदलल्यासारखी करून तिथेच थांबलेली नौका यांतला फरक नकाशा मोठा केल्याशिवाय दिसतच नाही. बहुतेक नौका वेळेत सुरक्षित जागी गेल्या होत्या. ज्या राहिल्या, त्यांच्याबद्दल कोणी, कधी, कोणाला विचारायचे याची जाहीर व्यवस्था नव्हती. पेट्रोलियम मंत्रालयाने नंतर उच्चस्तरीय समिती नेमली. घरच्यांना मात्र त्या आठवड्यात नौदलाची पत्रके, कंपनीचे मदत क्रमांक आणि रुग्णालयाचे आवार एवढाच आधार होता.

मग ही माहिती सर्वांना खुली असावी का?

हरकतही जुनी आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा समितीने डिसेंबर २००४ मध्येच अशी माहिती इंटरनेटवर खुली करणे जहाजांच्या सुरक्षेला बाधक ठरू शकते, असे मत नोंदवले होते. चाचेगिरीचा धोका असेल तर कप्तान उपकरण बंदही ठेवू शकतो. एआयएसच्या संदेशांवर कोणतीही गुप्त मोहोर नसते, त्यामुळे खोटी जागा प्रक्षेपित करणेही अवघड नाही. तेलक्षेत्र ही संवेदनशील जागा आहे आणि फलाटांभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा आंतरराष्ट्रीय कायद्याने मान्य केलेला आहे. तेव्हा सगळे सदासर्वकाळ उघडे ठेवा, ही मागणी टिकणार नाही.

पण चक्रीवादळाचा इशारा लागू असताना तेलक्षेत्रात कोणत्या नौका आणि बार्ज आहेत, त्यांवर किती माणसे आहेत आणि त्या सुरक्षित जागेकडे निघाल्या की नाहीत, एवढे दर काही तासांनी जाहीर करण्यात कोणते गुपित फुटते? यंत्रणांकडे ही माहिती आहेच. हवामान विभाग वादळाची जागा दर तीन तासांनी सांगतो. त्याच्या वाटेत असलेल्या माणसांचीही सांगता येईल. इंजिन नसलेल्या, पण माणसे राहणाऱ्या बार्जवर एआयएस बंधनकारक करणे तर भारताच्याच हातात आहे. आंतरराष्ट्रीय नियम सूट देण्याची मुभा देतो, सूट द्यायलाच हवी असे म्हणत नाही. उपकरणाचा खर्च एका दिवसाच्या नौकाभाड्यापुढे किरकोळ आहे.

ठिपका गोठला तर घरच्यांनी काय पाहावे?

प्रथम शेवटच्या संदेशाची वेळ. नौका किनाऱ्यापासून पन्नास मैलांच्या पुढे गेलेली असेल आणि संदेश काही तासांपूर्वीचा असेल तर ते बहुधा नेहमीचेच आहे. मग त्या वेळचा वेग आणि दिशा. दहा नॉटने पश्चिमेला जाणारी नौका त्याच वाटेवर पुढे असणार. गंतव्य आणि स्थिती या रकान्यांवर निष्कर्ष काढू नये. नावापेक्षा आयएमओ क्रमांक जपून ठेवावा, कारण एकाच नावाच्या अनेक नौका असतात आणि वादळात चुकीच्या नौकेचा ठिपका पाहत रात्र काढण्याची वेळ येऊ शकते.

माणूस नौकेवर चढण्यापूर्वीच मालक कंपनी, भरती करणारी परवानाधारक संस्था आणि नौकेचे व्यवस्थापन पाहणारी कंपनी या तिघांचे चोवीस तास चालणारे क्रमांक लिहून घ्यावेत. अनेकदा हे तिघे वेगवेगळे असतात आणि चौथाच कोणी नौका भाड्याने चालवत असतो. बार्जवर कंत्राटी कामाला जाणाऱ्यांनी बार्जचे नाव आणि तिला ओढणाऱ्या टगचा आयएमओ क्रमांक, दोन्ही घरी सांगून जावे. बार्ज नकाशावर दिसली नाही तरी टग दिसू शकते. समुद्रात कोणी संकटात असल्याची खबर मिळाली तर तटरक्षक दलाचा १५५४ हा निःशुल्क क्रमांक आहे.